प्लिएचा वॉल्ट्झ: महिना पाचवा

मागच्या वेळी लिहिलं होतं की प्लिएची, म्हणजे बॅलेतल्या गुडघे वाकवून खाली-वर व्हायच्या व्यायामाची, ट्यून झाली पूर्ण, तर ते विसरा, डाव्या हाताचं सगळं खोडून परत लिहिलंय आणि आता कुठे त्यावर नीट नाचता येतंय. नवीन आलेल्यांसाठी, मी नऊ वर्षं बॅले केला, मग गुडघ्यामुळे उड्या बंद झाल्या, आता कीबोर्ड आणि म्यूजस्कोर (नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) घेऊन क्लाससाठी छोटे पीस लिहिते.

सुरुवातीचा घोळ आठवत असेल, ३२ काउंट म्हणजे ३२ बीट धरून बसले होते. पण वॉल्ट्झमध्ये डान्सर तीन बीटच्या एका बारला एकच काउंट मोजतो, म्हणजे ३२ बार, ९६ बीट! माझी ट्यून अकराव्या बारमध्येच संपायची. ते निस्तरलं, पण नाचून बघितल्यावर दुसरंच निघालं.

टेस्ट घरीच करते, धरायच्या दांडीच्या जागी ओटा. फर्स्ट पोझिशन (टाचा जुळवून पावलं बाहेर वळवलेली), दोन डेमी (अर्धे प्लिए), एक ग्राँ (पूर्ण खालपर्यंत). डेमीला दोन-दोन काउंट, ग्राँला चार, झाले आठ. आणि दरवेळी ग्राँच्या तळाला अंग थबकायचं, आता प्लिएत नेमकं तेच करायचं नसतं ना, तळाला पोचता पोचताच वर निघायचं असतं, बसायचं नसतं. आधी वाटलं टेम्पो हळू आहे म्हणून ८४ चा ९२ केला, तर डेमी घाईघाईत व्हायला लागले. दोन दिवस त्यातच गेले.

उत्तर मिळालं ते मिनुएटमध्ये, म्हणजे जुन्या फ्रेंच दरबारी नाचात. सध्या सतराव्या शतकातल्या लुलीचं संगीत भरपूर ऐकतेय, कारण तो आपल्यातलाच, नाचणारा आणि लिहिणाराही, १६५३ मध्ये पॅरिसला चौदा वर्षांच्या चौदाव्या लुईबरोबर राजाच्या बॅलेत नाचला आणि काही आठवड्यांतच दरबारचा वाद्यसंगीताचा कंपोझर झाला. मिनुएटही तीन बीटचाच, पण त्याचं एक पाऊल दोन बारभर चालतं, सहा बीट. हे वाचलं आणि एकदम ट्यूब पेटली, मी डाव्या हाताने प्रत्येक बारच्या एकवर (पहिल्या बीटवर) दणकून बेस देत होते, मग अंग दर एकला थांबणारच की!

आता बेस दोन बारांतून एकदा. आणि ग्राँमध्ये पाचवा-सहावा बार खाली, सातवा-आठवा वर, तर सहाव्याचा शेवटचा सूर तोडलाच नाही, टाय (दोन सूर जोडणारी रेघ) लावून सातव्यात ओढून नेलाय, सातव्याच्या एकवर बेसही काढून टाकलाय. तिथे कान काही आपटायची वाट बघत असतो आणि ते येतच नाही, तोवर गुडघे वर निघालेले असतात. टेम्पो परत ८४.

रविवारी टीचरनी क्लासला काही न सांगता हे लावलं. मी मागे खुर्चीत बसले होते. पहिल्या ग्राँला सगळ्या जणी खाली गेल्या आणि न थांबता एकत्र वर आल्या, मला एकदम भरून आलं. स्टेजवर टाळ्या मिळाल्या तेव्हाही असं झालं नव्हतं.

पुढचा ग्राँ बात्मांचा (ताठ पाय जोरात वर फेकायचा) मार्च घेतलाय. पाय एकला वर पोचलेला हवा, म्हणजे निघतो आधीच्या ‘अँड’ला (दोन काउंटच्या मधल्या जागेला), आणि त्या ‘अँड’ला माझ्याकडे सध्या काहीच वाजत नाही. उजव्या हातात दोन बारीक सूर टाकून बघितले तर ते चिवचिवल्यासारखे वाटतात. तुम्ही हा पिकअप (एकच्या आधीचे सूर) बेसमध्ये ठेवता का? कुणी लिहिला असेल तर पहिले चार बार टाका, ओट्याशी उभी राहून करून बघते.