मारुतीच्या कुठपर्यंत?

भाच्याच्या साखरपुड्याला नाशिकला गेले होते. कार्यक्रम सकाळीच उरकला, जेवणं झाली, आणि मग घरातली सगळी माणसं पंख्याखाली जिथं जागा मिळेल तिथं आडवी झाली. मला दुपारची झोप चालत नाही, उठल्यावर संध्याकाळभर कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, म्हणून वहिनीला म्हटलं गंगेवर जाऊन येते. (गंगा म्हणजे आमची गोदावरी, नाशकात तिला गंगाच म्हणतात.) ती डोळे न उघडताच म्हणाली, "ताई, ऊन आहे, छत्री न्या." छत्री अर्थातच नेली नाही.

रविवार कारंज्याला उतरले आणि चालत होळकर पुलावर आले. सुंदरनारायणाला बाहेरूनच हात जोडले. पूल १८९५ चा, तेव्हाचा व्हिक्टोरिया ब्रिज, आता अहिल्यादेवींच्या नावाचा. पूर बघायला सगळं गाव ह्याच पुलावर जमायचं म्हणून माझा त्याच्यावर विशेष जीव. कठड्याला टेकून खाली बघितलं तर काठ बराच आवरलेला. नवी फरशी, नवे दिवे, बसायला बाकं. २०२७ चा सिंहस्थ येऊ घातलाय त्यामुळे उरलेला काठ एकतर उकरलेला नाहीतर नुकताच बुजवलेला. रामकुंडावर आता संध्याकाळी काशीच्या धर्तीवर आरती पण होते म्हणे. आमच्या वेळी संध्याकाळी तिथं म्हशी असायच्या.

खाली उतरले तर एक रिक्षावाला आडवा आला. "मॅडम, दर्शन करना है? काळाराम, सीतागुंफा, तपोवन, सब दिखाऊंगा." आता सरळ मराठीत नको म्हणायचं ना, पण गळ्यात साखरपुड्याचा चपलाहार, पायात नको तेवढ्या उंच चपला, मी दिसतच असणार पाहुणी, आणि देव जाणे काय सुचलं, मी हिंदीत म्हटलं, रिक्षा नको, इथंच काय काय आहे ते चालत चालत सांगा. जिथं फ्रॉक घालून शेवाळावरून घसरून पडलेय तिथं कुणीतरी आपल्याला बोटानं दाखवतंय की हे रामकुंड, ह्याच्यात मज्जा येते हो. तो सांगत होता ते चांगलंच होतं. कपालेश्वरासमोर नंदी का नाही (महादेवानं इथं त्याला गुरू मानलं म्हणून), नारोशंकराच्या देवळावरची घंटा पोर्तुगीजांची कशी, १७३९ ला वसई पडली तेव्हा चिमाजी अप्पांकडून इकडे आलेली. मी "अच्छा, अच्छा" करत होते.

मग आम्ही दुतोंड्या मारुतीपाशी, म्हणजे नदीच्या पात्रातल्या दोन तोंडांच्या उंच मूर्तीपाशी आलो. तो म्हणाला, "ये हमारा बाढ़ का मीटर है." आणि पुढे म्हणाला की पाणी ह्याच्या गुडघ्याला लागलं की पूर.

गुडघ्याला? गुडघ्याला लागलं तर कुणी जेवणावरून उठायचं पण नाही! "अहो गुडघ्याला कसला पूर, कमरेच्या वर गेल्याशिवाय कुणी पूर म्हणतं का," असं माझ्या तोंडून मराठीत बाहेर पडलंच. तो एक क्षण बघत राहिला, मग हसला, आणि म्हणाला, "मग ताई आधीच सांगायचं ना, एवढी पाण्याची बाटली संपवली मी." पैसे घेईना. बळेच दिले.

ऑगस्टात शाळेला सुट्टी मिळाली की आधी प्रश्न हाच असायचा, मारुतीच्या कुठपर्यंत? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय हे तिसरीतल्या पोरांना पण माहीत असायचं, एक क्युसेक म्हणजे किती हे मात्र मास्तरांनाही धड सांगता यायचं नाही. बाबा एम-एटीवरून घेऊन जायचे. पुलावर ही गर्दी, पोलिसांचा दोर, भुट्टेवाले, आणि खाली गढूळ, तपकिरी, आवाज करत जाणारं पाणी. भोपळे जायचे, टोपल्या जायच्या, एकदा अख्खी टपरी गेली, तिच्यावरची बिडीची पाटी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत होतो. छातीच्या वर पाणी गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली माणसं आवराआवरीला लागायची. भांडी बाजारात तो आवाज ऐकण्यासारखा असायचा, शेकडो पातेली, पराती, हंडे हातोहात माळ्यावर चढायचे, आणि कुणी दमलं तर खालून शिव्या. सराफ मात्र शांतपणे डबे बाहेर काढायचे. बाबा म्हणायचे सोन्याला आवाज नसतो.

आजी तिवंध्यातल्या वाड्यातून तशाच पावसात निघायची, गंगेची ओटी भरायला. खण, नारळ, तांदूळ. काकू म्हणायची अहो आत्या, ती आपल्या दारापर्यंत आलीये, दारातच भरा. तर आजी म्हणायची, माहेरवाशिणीची ओटी दारात भरतात का. आणि मोठा पूर कशाला म्हणायचं ह्याची आजीची व्याख्या वेगळीच, नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं तर मोठा. त्यामुळे १९६९ सोडून बाकी सगळे पूर तिच्या लेखी किरकोळ. २००८ चा तिनं पाहिला आणि "बरा होता" एवढंच म्हणाली. २०१६ ला मारुती पार बुडाला, २०१९ ला पण बुडाला, तेव्हा ती नव्हती. असती तरी घंटेचंच विचारलं असतं.

ह्या सगळ्याचा एक दुष्परिणाम म्हणजे कुठल्याही नदीकाठी गेले की मी आधी भिंतीवर ओल्याची रेघ शोधते. अहमदाबादला गेलो होतो तेव्हा नवरा साबरमती रिव्हरफ्रंट बघून असा खूश, काय स्वच्छता, काय लांबलचक रस्ता, लोक सायकली चालवतायत, आपल्याकडे हे कधी होणार वगैरे, आणि मी वॉचमनला विचारतेय, भाई पाणी कहां तक आता है? तेव्हा कळलं की शहरात दिसतं ते पाणी बहुतेक नर्मदेच्या कालव्याचं, खाली वासणा बराजला अडवून धरलेलं, म्हणजे नदी साबरमती आणि पाणी नर्मदेचं. तरीसुद्धा वरून धरोई धरणाचं पाणी सोडलं की खालचा रस्ता बंदच करतात. ते ऐकून मला फार बरं वाटलं. नवरा म्हणाला तुला कुठं काही चांगलं बघवत नाही.

तसं नाहीये पण. बाकं, दिवे असायला माझी ना नाही, म्हाताऱ्या माणसांना टेकायला काहीतरी हवंच. फक्त गंगेच्या काठावरच्या जुन्या बांधकामाकडे बघितलं की लक्षात येतं की बांधणाऱ्यानं ते बुडणार हे धरूनच बांधलंय. पायऱ्या, कुंडं, ओवऱ्या, दीपमाळा, सगळं पाण्याखाली जातं आणि चार दिवसांनी चिखल धुतला की पुन्हा तसंच. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं आहे, किती वेळा अंघोळ झाली असेल त्याची. नव्या दिव्याच्या खांबाकडे मी जरा वाकूनच बघितलं, वायरचा डबा कुठं बसवलाय ते. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. मारुतीच्या नव्हे, माझ्या.

आणि आणखी एक. हल्ली पुण्या-मुंबईची माणसं नाशिकला येतात ती गंगापूरच्या बॅकवॉटरला, वायनरीत, पाण्याकडे तोंड करून बसायला. आणि दुसरी येतात ती रामकुंडावर, अस्थी घेऊन. पाणी तेच, मध्ये धरणाची भिंत. दोन्हीकडच्या पार्किंगमध्ये गाड्या पण त्याच. ह्यातून काहीतरी म्हणायचं होतं मला, पुलावर उभी असताना अगदी स्पष्ट सुचलं होतं.

असो. बुधवार होता, त्यामुळे गाडगे महाराज पुलाच्या पुढे बाजार भरलेला. तिकडे मात्र सुशोभीकरण वगैरे कुणाच्या गावी नाही, गौरी पटांगणापासून जिथं सपाट जागा दिसेल तिथं पोतं अंथरलंय आणि माल ओतलाय. एक मावशी तर चक्क नव्या कोऱ्या बाकावर लसणाचा ढीग लावून स्वतः खाली बसल्या होत्या. माल वर, मालकीण खाली.

"मावशी, पाणी आलं तर काय करता हो?"

"आलं तर उठायचं. धरणावरून सोडलं की सांगत्यात, आमचा पोरगा मोबाइलवर बघतो."

"आणि हे बाक?"

"ते काय माझंय व्हय?"

अर्धा किलो घेतला. गावठी म्हणून चांगला भाव लावला मावशींनी, मी पण नाशिकची आहे म्हणून घासाघीस करून बघितली, दहा रुपये सुद्धा सोडले नाहीत. घरी आल्यावर वहिनीनं एक पाकळी सोलली, वास घेतला आणि म्हणाली, "ताई, हा गावठी नाहीये."