चढावर मागे न जाणारा ट्रेलर

अटलांटाच्या उत्तरेला लेक लॅनिअरजवळ आमचं ट्रेलर-दुरुस्तीचं काम चालतं. त्या दिवशी आलेल्या पिकअपमागे दोन ॲक्सलचा बोट-ट्रेलर होता, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मालकाची तक्रार अशी: तलावाच्या रॅम्पवर ट्रेलर सुरळीत मागे जातो, घरासमोरच्या चढावर मात्र चाकं जाम होतात.

या तक्रारीतच अर्धं निदान होतं. ट्रेलरला सर्ज ब्रेक होते, म्हणजे ट्रेलरच्याच रेट्याने लागणारे. त्यांना गाडीच्या पेडलची जोड नसते. गाडी मंदावली की ट्रेलर मागून रेटतो, सरकता कपलर (गाडीला जोडणारा ट्रेलरचा पुढचा भाग) आत जातो आणि ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर दाबला जातो. रिव्हर्स घेतानाही कपलर तसाच आत रेटला जातो, म्हणून ब्रेक लागतात. रॅम्पचा उतार साधारण 12 ते 15 टक्के. तिथे ट्रेलर स्वतःच्या वजनाने खाली ओढतो, कपलर ताणलेला राहतो आणि दोष झाकला जातो. चढावर किंवा ओल्या मातीत तो उघडा पडतो.

फ्री-बॅकिंग ड्रम ब्रेकमध्ये चाक उलटं फिरलं की शूची पकड आपोआप ढिली होते. डिस्कला ही सोय नाही, डिस्कवर पॅड आवळणारा कॅलिपर दोन्ही दिशांना सारखाच धरतो. म्हणून मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी 12 व्होल्टचा सोलेनॉइड, म्हणजे करंटने चालणारा व्हॉल्व्ह, बसवतात. रिव्हर्स लाइटचा करंट मिळाला की तो ब्रेक ऑइलची वाट अडवतो. पाच पिनांच्या चपट्या प्लगमध्ये हा करंट निळ्या वायरीतून येतो.

चाकांना अडण्या लावल्या, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू केलं, हँडब्रेक ओढून गिअर रिव्हर्समध्ये टाकायला लावला. सोलेनॉइडवर हात ठेवला तर खटका नाही. बॅटरीचा थेट करंट दिला, पांढरी अर्थची वायर होती तशीच ठेवली. लगेच खटका आला. म्हणजे सोलेनॉइड आणि अर्थ दोन्ही ठीक. बरेच जण इथेच नवा सोलेनॉइड घालून मोकळे होतात, आणि दोष तसाच राहतो.

ट्रेलरचा मूळ प्लग काढून कुणीतरी सात पिनांचा गोल प्लग लावला होता, निळी वायर निळ्याच्या जागी. रंग जुळला, काम चुकलं. सात पिनांत निळ्याची जागा इलेक्ट्रिक ब्रेकची असते. रिव्हर्सचा करंट सहसा मधल्या पिनेवर असतो.

पिकअपमध्ये डॅशखाली ब्रेक कंट्रोलर (गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला करंट देणारा) होता, आणि तो पाहिल्यावर मला खरी धास्ती वाटली. त्याची हाताची पट्टी दाबली आणि सोलेनॉइड वाजला! रस्त्यावर गाडीचा ब्रेक दाबताना, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक लागायला हवेत नेमक्या त्याच वेळी, ऑइलची वाट बंद होत होती. ट्रेलरच्या डिस्कवर जिथे पॅड घासतो तिथे गंज चढला होता, पॅड जवळजवळ कोरे होते. दोन टनांहून जास्त वजन एकटी पिकअप थांबवत होती.

वायर मधल्या पिनेवर घेतली, जोडावर हीट-श्रिंक नळी चढवली. टेस्ट लॅम्पने तपासलं: रिव्हर्समध्ये लॅम्प पेटला पाहिजे, ब्रेक दाबल्यावर पेटता कामा नये. गंजलेल्या कॅलिपरच्या सरक-पिना साफ केल्या. मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून नवं डॉट-3 ऑइल भरत हवा काढली. हवा काढताना सोलेनॉइडला करंट नको, नाहीतर ऑइल पुढे सरकतच नाही.

मालकाला रिव्हर्सची रीतही दाखवली. आधी फूटभर सरळ पुढे घ्यायचं, म्हणजे कपलर बाहेर ताणला जातो. मग रिव्हर्स टाकायचा, खटका ऐकायचा आणि नंतरच मागे रेटायचं. कपलर दबलेला असताना रिव्हर्स टाकला तर दाब आतच कोंडतो आणि सोलेनॉइड चांगला असूनही चाकं सुटत नाहीत. अडीनडीला कपलर अडवणारी पिन लावता येते, पण रस्त्यावर निघण्याआधी ती काढायलाच हवी. राहिली तर ट्रेलरला ब्रेकच नाही.

मग शेडमागच्या चढावर ट्रेलर उलटा चढवून पाहिला, विनातक्रार गेला. रस्त्यावर काही वेळा जोरात ब्रेक मारून परतलो आणि डिस्कजवळ हात नेला. चारही चाकांची धग लागली.