जानेवारीत जपान, मार्चमध्ये आयर्लंड

वर्षभरात अमुक इतकी पुस्तकं वाचणार अशी जाहीर केलेली चॅलेंजेस मला कधी झेपली नाहीत, आणि खरं सांगायचं तर आवडतही नाहीत. आकडा गाठायचा म्हटलं की माणूस बारीक पुस्तकं शोधायला लागतो आणि जाडजूड कादंबऱ्या तशाच पडून राहतात. जगातल्या प्रत्येक देशाचं एकेक पुस्तक वाचायचं, हाही प्रकार ऐकायला भारी वाटतो, पण ते म्हणजे पासपोर्टवर शिक्के मारून घेणं झालं, एका देशात जरा रुळतोय तोवर पुढचं विमान. मला जमतं ते एकच, ज्या देशावर आधीच जीव जडलाय त्याचं चॅलेंज.

अशी चॅलेंजेस नेटवर दरवर्षी निघतात. जानेवारीत जपानी साहित्य, मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डे हा आयरिश लोकांचा सण येतो म्हणून आयर्लंड, नोव्हेंबरमध्ये जर्मन. नियम म्हणाल तर नावापुरते, एक पुस्तक वाचलं तरी चालतं, आणि महिना उलटून गेला तरी कोणी जाब विचारायला येत नाही.

जपान का, तर मला वाटतं माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच असेल, तोत्तोचान, एका लहान मुलीच्या शाळेचं पुस्तक. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलांचं सगळं ऐकून घेणारे हेडमास्तर, एवढ्यावर आपण अख्ख्या देशाच्या प्रेमात पडलो. ती शाळा १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेली, हेही त्याच पुस्तकात आहे, पण लक्षात राहतात ते डबेच. चॅलेंजमध्ये एकापाठोपाठ एक जपानी पुस्तकं वाचायला लागलं की मात्र ही सोय राहत नाही. कादंबरीकार कावाबाता यांना १९६८ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी भाषणाला शीर्षक दिलं, 'सुंदर जपान आणि मी'. पुढे १९९४ मध्ये तिथलेच दुसरे कादंबरीकार ओए यांना मिळालं, आणि त्यांनी मुद्दाम त्याच धर्तीवर शीर्षक घेतलं, फक्त 'सुंदर'च्या जागी 'संदिग्ध' घातलं! मला विचाराल तर जानेवारीचं सगळं चॅलेंज या दोन भाषणांच्या मधेच कुठेतरी आहे, तुम्ही सुंदरसाठी जाता आणि हातात संदिग्ध येतं.

एक कामाची गोष्ट सांगते. जपानी कादंबरी सुरू करताना कव्हरच्या आत एक कोरा कागद ठेवायचा, कारण एकाच माणसाला ऑफिसात आडनावाला आपल्या 'जी'सारखं 'सान' लावून हाक मारतात, घरी नुसतं नाव, जुना मित्र सलगीचं 'कुन' लावतो, आणि पन्नासेक पानांनंतर आपल्याला वाटतं ही तीन वेगळी माणसं आहेत. माझ्या कागदावर नावांपुढे 'जाऊ?', 'बॉस', 'हा तोच का' असं काहीबाही लिहिलेलं असतं.

आयर्लंडचं प्रेम मला गाण्यांमधून लागलं, हिरव्या टेकड्या, पाऊस, पबमधलं फिडल (तिकडचं व्हायोलिन), म्हणजे अगदी टुरिस्टवालं प्रेम. आणि मार्चमध्ये वाचायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात कळतं, या देशाने आपल्या लेखकांना काय छळलंय. १९२९ मध्ये त्यांनी सेन्सॉरशिपचा कायदा केला आणि पुढची कितीतरी वर्षं मोठमोठ्या लेखकांच्या पुस्तकांवर बंदी येत राहिली. एडना ओब्रायन यांची पहिली कादंबरी १९६० ची, दोन खेडवळ मुलींची गोष्ट, तिच्यावरही बंदी. आज वाचताना आपण विचारत राहतो की अरे यात बंदी घालण्यासारखं आहे तरी काय, मुली मोठ्या होतात, प्रेमात पडतात, शहरात जातात, एवढंच तर आहे. मग लक्षात येतं की तेवढंच नको होतं. १९६७ मध्ये कायदा बदलला, बंदी बारा वर्षांनी आपोआप उठायला लागली. आणि गंमत बघा, १९६९ मध्ये त्याच सरकारने लेखक-कलावंतांच्या कमाईवरचा इन्कम टॅक्स माफ करून टाकला! आधी हाकलायचं आणि मग राहा म्हणून गळ घालायची.

मॅग्डलीन लाँड्र्यांबद्दलही मला आयरिश कादंबऱ्यांमधूनच कळलं. लग्नाआधी दिवस गेलेल्या, किंवा नुसत्या घरच्यांना नकोशा झालेल्या बायकांना चर्चच्या धोबीखान्यांत ठेवून फुकट राबवायचे, आणि त्यातला शेवटचा बंद झाला १९९६ मध्ये. सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये. हे वाचल्यावर फिडल ऐकणं बंद झालं का, तर नाही, पण आता ऐकताना देश जरा खरा वाटतो.

आइसलँडचं वेगळंच. तिथे ख्रिसमसच्या आधी पुस्तकांचा पूर येतो, नव्या पुस्तकांचा कॅटलॉग निघतो. दुसऱ्या महायुद्धात बाकीच्या वस्तू आयात करणं अवघड झालं, कागद त्यामानाने मिळत होता, म्हणून लोक पुस्तकंच भेट द्यायला लागले. चार लाखांच्या आत वस्ती, तरी १९५५ चं साहित्याचं नोबेल त्यांच्या कादंबरीकार लाक्सनेस यांना. मी डिसेंबरात तिथल्या क्राइम कादंबऱ्या वाचते, जास्त काही म्हणणं नाही, थंडी आणि खून, मस्त जमतं.

एक कुरकुर मात्र आहेच. आपण वाचतो ते बहुतेक इंग्रजीतून आलेलं असतं, म्हणजे आधी इंग्रजी प्रकाशकाला तो देश जसा आवडला तसा आपल्याला मिळतो. हल्ली जपानी पुस्तकांच्या कव्हरवर मांजर नसेल तर शोधून दाखवा. म्हणून आता मी लेखकाच्या आधी अनुवादकाचं नाव बघते, एखाद्याची निवड पटली की त्याने केलेलं दुसरं काहीही डोळे मिटून घेते.

नोव्हेंबरचं अजून ठरत नाहीये. मला प्रेम बर्लिनचं, पण ते चॅलेंज भाषेचं आहे, त्यामुळे ऑस्ट्रिया चालतं, स्वित्झर्लंड चालतं, आणि काफ्कासुद्धा चालतो, जो प्रागचा, म्हणजे आजच्या चेक देशातला, पण लिहिलं जर्मनमध्ये. मैत्रीण म्हणते काफ्का घे, नियम मोडल्यासारखं होणार नाही. मी म्हणते बर्लिनच घेणार, पण भिंतीच्या पूर्वेकडचं. तिकडचं काही चांगलं वाचलं असेल तर नाव सांगून ठेवा.