तंजावरचा राजवाडा आणि माझं अडलेलं मराठी

राजवाडा म्हणजे एक दार, एक तिकीट, अशा समजुतीत मी तंजावरला उतरलो. मी गेलो तेव्हा तरी दरबार, कलादालन, सरस्वती महाल हे जुनं ग्रंथालय यांची तिकिटं वेगवेगळी होती आणि सुटे पैसे पहिल्याच खिडकीवर संपले. त्यात मी रमतगमत फिरलो. ज्यासाठी आलो त्या सरस्वती महालाशी पोचलो, तर जेवणाची सुट्टी! तिकडे जायचं असेल तर सकाळी आधी तेच गाठा.

वेळ काढायला कलादालनात शिरलो. वाडा मूळचा नायक घराण्यातल्या राजांचा. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इथे आल्यापासून 1855 पर्यंत तो भोसल्यांकडे होता. नायकांच्या जुन्या दरबारात आता चोळकालीन कांस्यमूर्ती मांडल्यात. त्यांतल्या तिरुवेंकाडू गावच्या शिवापुढे मी खिळलो. सुमारे हजार वर्षांपूर्वीचं काम. जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, पायावर पाय टाकून ऐटीत उभा, एक हात नंदीच्या पाठीवर रेललेला. फक्त नंदीच नाही, तो कधीच हरवलाय! तरी हात असा सैल, की नंदी आत्ताच पाणी प्यायला गेला असावा. मी गुपचूप तसाच उभा राहून बघितलं. अर्ध्या मिनिटात खांदा भरून आला. पहारेकरी अण्णा तोंडावर हात ठेवून हसत होते.

सरस्वती महाल एकदाचा उघडला. मूळ ग्रंथालय अभ्यासकांसाठी. आपल्याला दिसतं ते छोटं संग्रहालय. भोसल्यांपैकी दुसऱ्या सरफोजींनी वाढवलेला हा संग्रह. राजा स्वतः वैद्यकात रमणारा, डोळ्यांच्या रोग्यांची चित्रं काढवून नोंदी ठेवणारा. हौसेने मोडी लिपीतल्या एका कागदावर वाकलो, आणि सुरुवातीच्या ‘श्री’पुढे गाडी हलेना. आजोबा मोडीत हिशेब लिहायचे. आम्ही ती वही रद्दीत घातली.

संध्याकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. तिथे भिंतीवर सरफोजींनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतलाय. मराठी, आणि देवनागरीत! भाषा जुन्या वळणाची, पण वाचता येत होती. अक्षर अक्षर जुळवत पुढे सरकलो. दोन-तीन तमिळ पोरं शेजारी येऊन थांबली, म्हणून मोठ्याने वाचू लागलो. अंधारून आलं तेव्हा त्यांतल्या एकाने मोबाइलचा उजेड भिंतीवर धरला.