शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते

शिकागोच्या दक्षिण भागात, एंगलवुडमध्ये, तरुणांना नोकरी मिळवून देणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. येणारी मुलं-मुली बहुतेक कृष्णवर्णीय, नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली. ‘यांना मुळात कामच करायचं नसतं’ हे मी इथे अनेकांच्या तोंडून ऐकलंय. म्हणूनच एकोणीस वर्षांच्या एका मुलासोबत मुलाखतीला गेले तो दिवस नीट लिहून ठेवावासा वाटला.

नोकरी गोदामातली, ओहेअर विमानतळापलीकडच्या एका उपनगरात. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा, शनिवार-रविवार धरून. फोर्कलिफ्ट चालवायचं प्रमाणपत्र त्याने आमच्याकडूनच मिळवलं होतं. गाडी मात्र नाही, आणि गाडीचा परवानाही नाही.

त्रेसष्टाव्या रस्त्यावरून मेट्रोची रेड लाइन, जॅक्सनला उतरून भुयारातून ब्लू लाइन, ती थेट रोझमाँटपर्यंत. शहरातल्या मेट्रोपैकी या दोनच लाइन रात्रभर चालतात, त्यामुळे नकाशावर सगळं सोपं दिसतं. खरी अडचण रोझमाँटनंतर. तिथून पेसची, म्हणजे उपनगरांची बस. बसमधून उतरल्यावर थोड्याच अंतरावर फूटपाथ संपला. पुढे रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालायचं, शेजारून कंटेनरचे ट्रक. कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी त्याने छातीशी धरली होती, चिखल उडू नये म्हणून.

चालायला लागण्याआधी त्याने स्टॉपवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढला. मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ खाली आला. परतीची शेवटची बस त्याची शिफ्ट सुटायच्या आधीच जात होती. रविवारच्या रकान्यात तर काहीच नव्हतं. तो म्हणाला, “रात्री मी रोझमाँटपर्यंत चालत जाईन.” तासाभराहून जास्त चालणं आहे ते, आणि शिकागोच्या हिवाळ्यात. मी तसं म्हटलं. त्यावर तो फक्त म्हणाला, “मला हे काम हवंय.”

मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. प्रमाणपत्र पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले, त्याची उत्तरं त्यांना आवडलेलीही दिसली. मग अर्जातल्या पत्त्यावर नजर गेली आणि त्यांचा सूरच बदलला. “इतक्या लांबून रोज येणार? गाडी आहे?” तो म्हणाला, “नाही. पण आज मी पाऊण तास आधी पोहोचलोय.” बाईंनी मान डोलावली आणि पत्त्याखाली एक रेघ ओढली.

त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. लांबून येणारे टिकत नाहीत, हा त्यांचा अनुभव. पण हा एका बाईंचा प्रश्न नाही. डेव्हिड फिलिप्स या अर्थशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन डी.सी.मध्ये कमी पगाराच्या नोकऱ्यांसाठी काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले. घर पाच-सहा मैल जास्त लांब असलेल्या अर्जदारांना मालकांकडून सुमारे एक तृतीयांश कमी उत्तरं आली. म्हणजे मुलगा बसस्टॉपवर उभा राहण्याआधीच अंतर त्याच्या वाटेत येतं.

परत येताना ट्रेनमध्ये तो आजोबांबद्दल बोलत होता. ते यू. एस. स्टीलच्या साउथ वर्क्समध्ये होते, कामावर बसने जायचे. शेजारच्या माणसाने जागा निघाल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. त्याआधी १९७१ मध्ये स्टॉकयार्ड, म्हणजे शहरातला जनावरांचा मोठा बाजार, आणि १९८० मध्ये विस्कॉन्सिन स्टील हा शिकागोतलाच पोलाद कारखाना. कामं उपनगरांकडे सरकत गेली, आणि तिथे घर घेण्याची वाट कृष्णवर्णीयांना भेदभावाने अडवलेली होती. जॉन केन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच शिकागो आणि डेट्रॉइटची आकडेवारी घेऊन हे मांडलं. मला आजोबांच्या गोष्टीत शेजाऱ्याचं महत्त्व जास्त वाटतं. या मुलाच्या गल्लीत त्या उपनगरात कामाला जाणारं कुणीच नाही, मग जागा निघाली हे त्याला सांगणार कोण? अंतर मिनिटांत मोजलं की हा भाग सुटून जातो.

केनचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. १९८६ मध्ये डेव्हिड एलवुड या अर्थशास्त्रज्ञाने शिकागोचीच आकडेवारी तपासून सांगितलं की खरा अडसर अंतर नसून वंश आहे. नव्वदच्या दशकात शिकागोसह काही शहरांत वस्त्यांतल्या लोकांना उपनगरांतल्या कामावर गाडीने ने-आण करण्याचा प्रयोग झाला, त्यानेही रोजगार फारसा वाढला नाही. हे मी मानते. नुसती गाडी दिली म्हणून कुणी कामावर ठेवून घेत नाही. पण वंश आणि अंतर वेगळे काढता येतात, हे मला आमच्या टेबलाशी बसून कधीच पटलेलं नाही. तो मुलगा एंगलवुडमध्ये राहतो ते त्याच्या घराण्याला दुसरीकडे राहू दिलं गेलं नाही म्हणून.

नोकरी त्याला मिळाली. पहिले काही आठवडे एक सहकारी त्याला रात्री स्टेशनापर्यंत सोडायचा. मग त्या सहकाऱ्याची शिफ्ट बदलली आणि थंडी सुरू झाली. मध्यरात्रीनंतरचं चालणं, पहाटे घरी, अपुरी झोप. दुपारी एक ट्रेन हुकली की पुढची पेस बस हुकायची. तिथे उशिराचे गुण मोजतात, ठरावीक गुण झाले की काम सुटतं. त्याचं सुटलं. कागदावर कारण ‘हजेरी’. पुढचा मालक तेवढंच वाचेल. त्याची शिफ्ट थोडी लवकर सोडता येईल का, असं मी कंपनीला आधीच लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

आता कुणालाही पाठवण्याआधी मी शिफ्ट किती वाजता सुटते ते विचारते आणि परतीची बस स्वतः पाहते. बस नसेल तर मालकाला तसं सांगते. काही जण वेळ बदलतात, बरेच बदलत नाहीत.

तो मुलगा सध्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहे. घरापासून एकच बस, हजेरीची तक्रार नाही. पगार तासाला गोदामापेक्षा कमी. फोर्कलिफ्टचं प्रमाणपत्र तिथे लागत नाही.