एक पावसाळी रात्र राहू द्या

देवगड तालुक्यातील आमचे घर गेल्या डिसेंबरमध्ये विकले गेले. "परदेशात राहून याला गावाची किंमत उरली नाही," हे वाक्य फिरत फिरत इंग्लंडमधील रेडिंगपर्यंत माझ्या कानावर आले आहे, आणि त्याला उत्तर द्यावे असे मला अनेकदा वाटले. परंतु आज लिहायला बसलो आहे तो त्या वाक्यामुळे नव्हे, तर घर घेणाऱ्यांनी त्याआधीच्या मे महिन्यात फोनवर केलेल्या एका विनंतीमुळे. ती विनंती ऐकून मला आलेला राग आणि नंतर वाटलेला ओशाळेपणा, दोन्ही अजून मनातून गेलेले नाहीत.

घेणारे कोल्हापूर जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक पती-पत्नी. वडिलोपार्जित शेती त्यांच्या नावावर असल्यामुळे हापूसच्या कलमांची जमीन घेण्यात कायद्याची अडचण नव्हती. घर त्यांनी दोनदा पाहिले, विहिरीचे पाणी चाखले, गडगा कोठून कोठे जातो ते पावलांनी मोजले, किंमतही जवळजवळ ठरली. मग गुरुजींचा फोन आला. "साहेब, राग मानू नका, पण इसार देण्याआधी आम्हां दोघांना तुमच्या घरात एक रात्र राहू द्या. आत्ता नको, जुलैमध्ये, भर पावसात."

मी तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये घर विकले आहे. इथे घेणारा माणूस एजंटाबरोबर येतो, वीसेक मिनिटे फिरतो आणि जातो. त्याने नेमलेला सर्व्हेअर यंत्र लावून भिंतींची ओल मोजतो, आणि पुढचे सारे बोलणे दोन सॉलिसिटरांमधील पत्रांतून होते. विकणाऱ्याच्या अंथरुणावर झोपून घर पाहण्याची कल्पना इथे कोणी बोलूनही दाखवणार नाही. आमच्या घरावर अविश्वास दाखवला जात आहे, असेच मला वाटले. पणजोबांनी जांभ्या दगडात बांधलेले, दोन मोठी वादळे सोसून उभे राहिलेले घर, आणि त्याची परीक्षा घ्यायची? गावातील चुलतभाऊ माझ्याहून अधिक भडकला. "अरे, तू घर इकतंस की पावण्यांका रवाक देतंस?" असे त्याने विचारले.

तरीही मी नाही म्हटले नाही, कारण दुसरे गिऱ्हाईक नव्हते. त्याआधी दोन वर्षांत जे आले, त्यांना जमीन हवी होती आणि घर पाडायचे होते. यांना घर हवे होते. मात्र आपल्याकडे कागदापेक्षा ताबा बळकट ठरतो, हे भाऊबंदकीचे दावे पाहत वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. म्हणून मी एक साधे पत्र लिहून दोघांच्या सह्या घेतल्या: ते पाहुणे म्हणून एक रात्र राहतील, त्याबद्दल काही देणेघेणे नाही, यातून कोणताही ताबा किंवा हक्क उत्पन्न होत नाही, आणि त्या रात्री चुलतभाऊ पडवीत झोपेल. गुरुजींनी पत्र वाचून "हे बरे केलेत" एवढेच म्हटले. अशी मागणी आली की ती मान्य करायची की नाही याच्याआधी तिची हद्द कागदावर आखावी, ही सवय मला इंग्लंडने लावली, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते आले. रेडिंगमध्ये वर्षभरात ७०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि सिंधुदुर्गात तो ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, हा फरक आकड्यांत मला ठाऊक होता. पण त्या रात्री चुलतभावाने फोन पडवीत धरून ऐकवलेला कौलांवरचा आवाज ऐकताना मला बोलवेना. सकाळी गुरुजींनी सांगितले, "घर उत्तम आहे. फक्त माजघराच्या देवाकडील कोपऱ्यात, जिथे स्वयंपाकघराचे छप्पर येऊन मिळते, तिथे रात्रभर ठिबकत होते. खाली भांडे ठेवले आम्ही."

त्या कोपऱ्यात आई दर पावसाळ्यात तांब्याचे घंगाळ ठेवत असे.

मला ते ठाऊक होते. जन्मापासून ठाऊक होते. मिरगाआधी कौले परतली जात, एखादा वासा बदलला जाई, तरी दोन छपरांमधील पन्हळीतून पाणी उतरायचेच, आणि संध्याकाळी आई दिवा लावण्याआधी घंगाळ सरकवून ठेवायची. त्यात पडणाऱ्या थेंबांच्या आवाजावर आम्ही भावंडे झोपी गेलो. मी ते लपवले नव्हते. ते गळणे हा घराचा दोष आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. परंतु मे महिन्यात कोरड्या छपराखाली उभे राहून "गळते का?" असे गुरुजींनी विचारले होते, आणि मी या टोकावरून "कोकणातली कौले, थोडेफार होणारच" असे उत्तर दिले होते, हेही तितकेच खरे.

रेडिंगचे घर विकताना माझ्यापुढे इंग्लंडच्या लॉ सोसायटीचे, म्हणजे तिथल्या सॉलिसिटरांच्या संस्थेचे, छापील फॉर्म आले होते. शेजाऱ्यांशी कधी तंटा झाला का, पूर आला का, कोणते बदल केले, आवारात जपानी नॉटवीड ही पसरणारी वनस्पती आहे का, अशा प्रश्नांची पानेच्या पाने मी रात्री जागून भरली, आणि एका खिडकीखालची ओलसुद्धा लिहिली. चुकीचे उत्तर दिले तर पुढे भरपाई मागितली जाऊ शकते, ही भीती होती. अनोळखी इंग्रज माणसाला मी खिडकीखालची ओल सांगितली आणि माझ्या भाषेत बोलणाऱ्या गुरुजींना माजघराचा कोपरा सांगितला नाही. कायदा आपल्याकडेही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. पण प्रश्न विचारणारा छापील कागद समोर येत नाही, म्हणून घेणाऱ्याला पावसाळ्याची वाट पाहत थांबावे लागते. ज्या विनंतीला मी विचित्र म्हटले, ती आमच्याकडे नसलेल्या फॉर्मची भरपाई होती.

मी त्यांना आईचे घंगाळ सांगितले. पन्हळ नव्याने बसवणे आणि त्या भागातील वासे बदलणे यांचा खर्च गावातल्या सुताराकडून काढला, आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी केली. चुलतभावाला ते पटले नाही. मला पटले होते.

इतर मागण्यांबद्दल थोडक्यात. किमतीचा काही भाग रोख घेऊन दस्तात कमी रक्कम दाखवावी, असे त्यांच्या एका नातेवाइकाने सुचवले. ते मी लगेच नाकारले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे आणि दंड स्वीकारणाऱ्यावर पडतो, हा भाग झालाच. शिवाय माझे पैसे बँकेतून इकडे यायचे होते. हापूसची कलमे दोन हंगामांसाठी शेजाऱ्याला कराराने दिलेली होती आणि एक हंगाम शिल्लक होता. तो करार मोडून द्यावा, अशी गुरुजींची इच्छा होती. दिलेला शब्द मी मोडला नाही, पण त्या हंगामाची रक्कम त्यांना दिली. माझीही एक विनंती होती आणि त्यांना तीच सर्वांत अवघड गेली: मी अनिवासी असल्यामुळे रक्कम कितीही असली तरी त्यांना माझ्या पैशांतून कर कापून भरावा लागणार होता. कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र मी आयकर विभागाकडून आणले, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

शेवटची विनंती बाईंची होती. परड्यातील राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या दैवताला, आम्ही दरवर्षी नारळ देतो, हे त्यांना शेजारणीकडून कळले होते. नोंदणीच्या आदल्या दिवशी मी स्वतः येऊन त्याला गाऱ्हाणे, म्हणजे विनवणी, घालावे आणि आता हे लोक राहणार आहेत असे सांगावे, एवढेच त्यांचे मागणे होते. "आम्ही घाटावरचे. त्यानं आम्हांला ओळखलं पाहिजे ना." चोवीस वर्षे परदेशात राहिलेल्या माणसाला त्या जागेशी बोलण्याचा अधिकार उरला आहे, असे त्या बाईंनी गृहीत धरले होते. मी गेलो. गावातील जाणत्याने गाऱ्हाणे घातले, माझ्या पाठीमागे ते दोघे हात जोडून उभे राहिले, आणि "व्हय म्हाराजा" म्हणताना माझा आवाज माझ्या वडिलांसारखा आला, असे चुलतभाऊ नंतर म्हणाला.

इंग्लंडमधील फॉर्मवर टॉयलेट पेपर अडकवण्याच्या दांडीपर्यंत प्रत्येक वस्तू राहणार की जाणार हे लिहावे लागते. तशीच दोन रकान्यांची यादी मी मराठीत करून साठेखताला जोडली होती. झोपाळा, घडवंची, गणपतीचा चौरंग, पाटा-वरवंटा हे सारे "राहणार" या रकान्यात होते. घंगाळही राहू द्यावे, असे बाईंनी सुचवून पाहिले. ते मी दिले नाही.