पुढील बैठकीत

फेब्रुवारी २०२४ मधला एक बुधवार. काळबादेवीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका धर्मादाय ट्रस्टची कचेरी आहे. बावीस वर्षं मी फोर्टातल्या एका सीए फर्ममध्ये ऑडिटचं काम करते, आणि वर्षअखेरीआधी या ट्रस्टच्या वह्या एकदा बघून येणं माझ्याकडे होतं. ट्रस्टचं नाव सांगत नाही. साठच्या दशकात एका व्यापाऱ्याने मुंबईतल्या गरीब रुग्णांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी तो काढला. आता त्यांचे नातू मॅनेजिंग ट्रस्टी आहेत. वाळकेश्वरला समुद्रासमोर घर, स्वतःचा मोठा कारभार. सात पिढ्या बसून खातील एवढं असलेली माणसं.

ट्रस्टच्या मुदतठेवी ११ कोटींच्या. वर्षाचं व्याज साधारण ७७ लाख. एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत किती रुग्णांना मदत दिली? एकवीस. प्रत्येकी २० हजार, एकूण ४ लाख २० हजार. कचेरीचं भाडं, पगार, वीज, छपाई याचा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त.

हे कायद्यात कसं बसतं, असं कुणालाही वाटेल. धर्मादाय ट्रस्टला आयकर माफ असतो, पण त्या बदल्यात वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग ज्या कामासाठी ट्रस्ट काढला त्यावर खर्च करावा लागतो. जमलं नाही, तर तेव्हाच्या नियमाने फॉर्म १० भरून, काम कोणतं ते लिहून, ती रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षं बाजूला ठेवता यायची. सोय चांगल्या हेतूने केलेली आहे. इमारत बांधायची, मोठं यंत्र घ्यायचं तर पैसा साठवावाच लागतो. या ट्रस्टने मात्र दरवर्षी फॉर्म १० भरला होता आणि दरवर्षी काम एकच लिहिलं होतं, डायलिसिस सेंटर. जागा बघितलेली नाही, एक मशीन घेतलेलं नाही. २०१८-१९ मध्ये बाजूला ठेवलेल्या ३८ लाखांची पाच वर्षं त्या ३१ मार्चला संपत होती, त्यातलं जे उरेल त्यावर कर लागणार होता. मी गेले होते ते खरं तर एवढंच सांगायला.

व्हाऊचर तपासून झाली, तेव्हा मी कारकून काकांकडे नाकारलेले अर्ज मागितले. नियमाने मला त्यांची गरज नव्हती. काका क्षणभर थांबले, मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून दोरीने बांधलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, हे कोणी बघत नाही," एवढंच म्हणाले.

वर्षात २१२ अर्ज आले होते. एकवीस गेले, राहिले एकशे एक्याण्णव. प्रत्येकाला हॉस्पिटलचं अंदाजपत्रक, समाजसेवा विभागाचं पत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि कोपऱ्यात स्टेपल केलेला पासपोर्ट फोटो. काही फोटोंवर स्टेपलची पिन थेट कपाळातून गेलेली. वर गोल शिक्का, मिळाले. आणि लाल शाईत एक ओळ: शिफारस नाही. पत्ता अपूर्ण. पुढील बैठकीत. ट्रस्टींची बैठक वर्षातून दोनदा होते. रक्ताचा कॅन्सर पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो का, हे त्या लाल शाईला कुणी विचारलं नव्हतं.

एक अर्ज १४ जूनचा होता. आठ वर्षांचा मुलगा, ल्युकेमिया, ६० हजारांची गरज. वडिलांचं अक्षर मोठं, जपून लिहिलेलं, "साहेब" हा शब्द तीन ठिकाणी. त्यावर "पुढील बैठकीत". खाली मोबाइल नंबर.

मी फोन लावला. ऑडिटरने असा फोन करायचा नसतो हे मला माहीत आहे. पण नंबर समोर असताना तो गठ्ठा परत दोरीत बांधणं मला जमेना.

मुलगा बरा होता. औषधं चालू होती, महिन्याला तपासणी. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं तोच वडील म्हणाले, "ताई, पैसे आता मिळणार का?" ते बांद्रा पूर्वेला राहतात, रिक्षा चालवतात. जूनमध्ये ट्रस्टकडून उत्तर आलं नाही म्हणून दोनदा काळबादेवीला येऊन गेले, दोन्ही वेळा साहेब नाहीत असं कळलं. मग वस्तीतल्या एकाकडून ६० हजार घेतले, शेकडा तीनने.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला. ६० हजारांवर १,८०० रुपये, मुद्दल तसंच. वर्षाचे ३६ टक्के. बाजूच्याच फाईलमध्ये ट्रस्टच्या ठेवींचे दाखले होते, ७ टक्क्यांचे. त्या मुलासाठी राखून ठेवलेला पैसा बँकेत ७ टक्क्यांनी वाढत होता आणि त्याचा बाप सावकाराला ३६ टक्के भरत होता. मी दोन्ही आकडे एकाच कागदावर एकाखाली एक लिहिले आणि तो कागद घेऊन चार वाजता ट्रस्टींसमोर बसले.

ते वाईट माणूस नाहीत. खोलीतून उठताना स्वतः पंखा बंद करतात, पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहितात. ते म्हणाले, "आजोबांनी कष्टाने कमावलंय. वाटत सुटलो तर दहा वर्षांत संपेल. राखणं हे माझं काम आहे." मी म्हटलं, मुद्दलाला हात लावायला कोण सांगतंय? व्याजाचं बोलतेय. ते म्हणाले, खोटी माणसं फार येतात. मी म्हटलं, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा, बिलासमोर. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नाहीच जमलं तर त्या ३८ लाखांवर कर भरून टाकू."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. कर भरायची तयारी होती, फक्त कोणा माणसाच्या हाती पैसा जायला नको. हाव म्हणजे आणखी हवं असणं, असं मी समजत होते. त्या दिवशी कळलं, काही नको असतानाही ती असते. पैसा त्यांचा नव्हता, त्यातला एक रुपया त्यांच्या घरी जात नव्हता, आणि तरी मूठ सुटत नव्हती.

शिवाय तो पैसा एकट्या आजोबांचा तरी कुठे उरला होता? अशा ट्रस्टला देणगी देणाऱ्याला आयकर कायद्याच्या तेव्हाच्या ८०जी कलमाखाली करसवलत मिळायची, वर्षानुवर्षं व्याजावरचा कर माफ होतो. सरकारी तिजोरीत न आलेला तो पैसा त्या रिक्षावाल्याचाही आहे. मराठीत देणं म्हणजे देणगीही आणि कर्जही. मला वाटतं मोठ्या पैशाच्या बाबतीत दुसरा अर्थच खरा आहे. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरचा कर (इस्टेट ड्युटी) १९८५ मध्ये गेला, दरवर्षीचा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. अतिश्रीमंतांनी स्वतःहून दिलं नाही, तर साठलेली संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

"आजोबांचं नाव राहायला हवं," ते म्हणाले. मला माहीम आणि बांद्रा जोडणारा खाडीवरचा पूल, माहीमचा कॉजवे आठवला. खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसं मरायची, सरकारने पैसे नाहीत म्हणून हात वर केले, तेव्हा १८४० च्या दशकात लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच घातली, टोल घ्यायचा नाही. त्यांचे पती जमशेटजी यांनी अफूच्या व्यापारातही पैसा केला होता, ते विसरायचं कारण नाही. पण पूल झाला, जे. जे. रुग्णालय झालं, आणि दोन्ही माणसं हयात असताना झाली. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मग ट्रस्टचं मूळ पत्र उघडून एक कलम वाचून दाखवलं. आजोबांनी स्वच्छ लिहिलं होतं की त्या वर्षीचं उत्पन्न त्याच वर्षी खर्च करावं.

त्यांनी ते पत्र हातात घेतलं आणि बराच वेळ वाचत राहिले. बहुधा पहिल्यांदाच.

डायलिसिस सेंटर पाच आठवड्यांत उभं राहणार नव्हतं. पण मार्चमध्ये तातडीची बैठक झाली, पालिकेच्या दोन रुग्णालयांना डायलिसिस मशीन आणि त्याचं सामान द्यायचं ठरलं. ३१ मार्चपर्यंत २६ लाख गेले. उरलेल्या १२ लाखांवर कर लागला. चालू व्याजातून कॅन्सरच्या चौदा मुलांची बिलं भरली. पुढच्या वर्षी ऑडिट दुसऱ्या फर्मकडे गेलं.

मार्चच्या बैठकीत मी तो जूनचा अर्जही ठेवायला लावला होता. तो नामंजूर झाला, आणि नियमाने बरोबर झाला. मदत हॉस्पिटलच्या बिलासाठी आहे, त्यांचं बिल चुकतं झालेलं होतं. राहिलं होतं ते सावकाराचं, आणि ते ट्रस्टच्या उद्देशात बसत नाही. हे कळवायला मुलाच्या वडिलांना मीच फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मग जूनमध्ये का नाही दिले, ताई?"

फाईल समोर उघडीच होती. त्यावर लाल शाईत काय लिहिलंय, ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही.